एकांत कशासाठी? धाराशिवची लेणी आणि ख्रिस्ती साधना

धाराशिव शहराजवळ बालाघाटच्या डोंगरात कोरलेल्या लेण्यांपैकी दुसऱ्या क्रमांकाचे लेणे अजिंठ्याच्या विहारांच्या धर्तीवरील आहे. मध्ये विस्तीर्ण मंडप, सभोवती निवासाच्या चौदा खोल्या आणि गर्भगृहात पद्मासनस्थ मूर्ती, अशी त्याची रचना आहे. ही लेणी बौद्ध की जैन, याविषयी विद्वानांत वाद झाला. ती मुळात बौद्ध असून पुढे जैन झाली, हे मत आम्हांस अधिक सयुक्तिक वाटते.

अशा खोलीत राहणारा भिक्खू जगापासून तुटलेला होता काय? याच जिल्ह्यातील तेर म्हणजे प्राचीन तगर. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातील ग्रीक ग्रंथात मोठे नगर म्हणून त्याचा उल्लेख आहे. तेथे बौद्ध अवशेषही सापडले आहेत. भिक्खूचा निवास डोंगरात असला तरी त्याची भिक्षा आणि त्याचा उपदेश वस्तीतच होता.

ख्रिस्ती परंपरेतही हाच प्रश्न उभा राहिला. चौथ्या शतकाच्या आरंभी इजिप्तच्या वाळवंटात अनेक वर्षे एकांतात काढलेले संत अँथनी, छळ सुरू होताच बंदिस्त ख्रिस्ती बांधवांना धीर देण्यासाठी अलेक्झांड्रियात गेले. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट इटलीतील सुबियाकोच्या गुहेत तीन वर्षे राहिले. पुढे त्यांनी घालून दिलेल्या नियमांत मौन व प्रार्थनेइतकेच स्थान श्रमाला आहे. महाराष्ट्रात रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडून संन्यास घेतला. परंतु साताऱ्यास त्यांनी आश्रम काढला तो माणसे जोडण्यासाठी.

दोन्ही मार्गांतील भेद मात्र विसरून चालणार नाही. ख्रिस्ती साधक शांततेत ईश्वराची वाणी ऐकू पाहतो. बौद्ध साधकास ईश्वराची अपेक्षा नाही. तो स्वतःच्या चित्तातील लोभ, द्वेष आणि मोह न्याहाळतो.

बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेत विचारले आहे की, भिक्खू हा केवळ परिपूर्ण मानव व्हावा की समाजसेवक? जो केवळ स्वतःत मग्न आहे, त्याचा समाजास उपयोग नाही, हा त्यांचा आशय. म्हणून एकांत त्याज्य ठरत नाही. त्याची कसोटी ठरते. ज्या एकांतातून माणूस अधिक करुणेने वस्तीकडे परततो, तोच एकांत सार्थ होय. विपश्यना शिबिरांस जाणाऱ्या आपल्या उपासकांनी ही कसोटी स्वतःस लावून पाहावी.