चार हरणं, एक डोकं

परवा पुण्याहून आलेल्या भाचीला घेऊन अजिंठ्याला जाऊन आलो. आम्हा औरंगाबादकरांचं (आता संभाजीनगरकरांचं!) हे ठरलेलंच, पाहुणे आले की लेणी. एक नंबरच्या लेण्यात एका खांबाच्या माथ्याशी चार हरणं कोरलेली आहेत आणि चौघांत मिळून डोकं एकच. ज्या हरणाकडे बघावं, त्याचंच ते डोकं वाटतं. भाची म्हणाली, "मामा, हे तर कार्टून आहे!"

पोरीनं गंमतीत म्हटलं, पण मला राम मोहन आठवले.

नाव फारसं कुणाला माहीत नसतं. जन्म १९३१चा, शिक्षण रसायनशास्त्राचं. १९५६ साली ते मुंबईत फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात लागले. शिकवायला अमेरिकेहून क्लेअर वीक्स आला होता, डिस्नेकडे 'बाम्बी'वर काम केलेला माणूस. आणि त्याच्या देखरेखीखाली १९५७ मध्ये जी फिल्म तयार झाली तिच्यातही पुन्हा हरीणच! 'द बनियन डिअर' ही जातककथेवरची फिल्म. गाभण हरिणीऐवजी आपली मान पुढे करणाऱ्या मृगराजाची गोष्ट. चित्रांची धाटणी मात्र 'बाम्बी'ची नाही, आपल्या अजिंठ्याची.

हे उगाच जमलं नसावं. अजिंठ्यात आधी गेरूनं आकृती आखायची, मग रंग भरायचे आणि शेवटी रेषा पुन्हा ठळक करायची, अशी रीत होती. जुन्या कार्टूनमध्येही पारदर्शक तावावर पुढून रेषा आणि मागून सपाट रंग. सगळा जीव रेषेत. पंधराशे वर्षांपूर्वीच्या त्या कारागिरांना एक कॅमेरा द्यायला हवा होता, असं मला नेहमी वाटतं. असो.

पुढे राम मोहन यांनी स्वतःची संस्था काढली, सत्यजित राय यांच्या 'शतरंज के खिलाडी'तला कार्टूनचा भाग केला, युनिसेफची 'मीना' घडवली. पण मला ते माहीत झाले 'रामायण'मुळे. युगो साको हा जपानी माणूस १९८३च्या सुमारास उत्तर प्रदेशातल्या उत्खननावर माहितीपट करायला आला आणि रामकथेतच अडकला. परदेशी माणसानं रामायणाला हात लावू नये म्हणून विरोध झाला, सरकारनंही अंग काढून घेतलं. शेवटी बहुतेक काम जपानमध्येच झालं. दिग्दर्शक तिघे: साको, कोइची सासाकी आणि राम मोहन. संस्कृत गाणी वसंत देवांची, संगीत वनराज भाटियांचं.

हा सिनेमा कार्टून नेटवर्कवर लागायचा तेव्हा आमचे आजोबा लांबूनच बघत. "जपान्यांचा राम," असं म्हणून पेपर उघडत. डोळे फार मोठे म्हणे. पण एकदा पेपरच्या आडून आवाज आला, "धोतर मात्र नीट नेसलंय हो."

ते नीट का होतं हे मला खूप नंतर कळलं. धोतर कसं नेसतात, मोठ्यांचा आशीर्वाद मुलं कशी घेतात, हे इथल्या चित्रकारांनी जपानी चित्रकारांना समजावून दिलं होतं. हजारो चित्रांत तो काष्टा सांभाळायचा म्हणजे खायचं काम नाही. मी एकदा साधी वही फडफडवून पळणारा माणूस करायला गेलो होतो, विसाव्या पानावर त्याचा हातच गायब झाला :)

जानेवारी १९९३ मध्ये दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात तो दाखवला गेला. पण अयोध्येला दीड महिनाही झाला नव्हता. थिएटरांत तो तेव्हा नीट लागलाच नाही. लागला तो २४ जानेवारी २०२५ ला.

मी पहिल्या आठवड्यातच गेलो. पडद्यावर नावं आली तेव्हा लोक अजून पॉपकॉर्न घेऊन जागा शोधत होते. साको २०१२ मध्ये गेले, राम मोहन ऑक्टोबर २०१९ मध्ये. आजोबा तर त्याच्याही आधी. राम वनवासाला निघाला तेव्हा मी डोळ्यांकडे नाही, धोतराकडेच बघत बसलो होतो.