तळहाताचा घाम, अनुकंपी तंत्रिका आणि ‘भरपाई’ हा शब्द

वैद्यकातील एखादा उपाय कितपत निर्धोक आहे, याचा निर्णय मोजणीने व्हावयाचा असतो. परंतु मोजावयाचे काय आणि त्यास म्हणावयाचे काय, हे आधी ठरावे लागते. तळहातांस अतोनात घाम येणाऱ्या रुग्णाच्या छातीतील अनुकंपी तंत्रिका तोडण्याच्या शस्त्रक्रियेचा इतिहास पाहिला, म्हणजे हे ठरविण्यास किती विलंब लागला ते ध्यानात येते. प्रस्तुत लेखकाचा प्रांत भाषाविज्ञानाचा. म्हणून येथे विचार केला आहे तो मुख्यतः नावांचा.

या तंत्रिकेचे नावच मुळी एका जुन्या समजुतीतून आलेले आहे. एका अवयवाची व्यथा दुसऱ्यास तंत्रिकांच्या द्वारे कळते, ही कल्पना गेलेनपासून चालत आलेली. तिला अनुसरून १७३२ मध्ये विन्स्लोने कण्यालगतच्या तंत्रिकारज्जूंस ‘थोर सहवेदनाशील’ अशा अर्थाचे नाव दिले. आपला ‘अनुकंपी’ हा शब्द त्याचाच प्रतिशब्द होय. (‘मागोमाग कंप पावणे’ हा त्यातील धात्वर्थ, प्रचलित ‘दया’ या अर्थापेक्षा मूळ कल्पनेस अधिक जवळचा आहे, हे जाता जाता नमूद करावयास हरकत नाही.)

घामासाठी या रज्जूवर प्रथम शस्त्र चालविले ते कोत्झारेफ याने, १९२० मध्ये. रुग्णास एकाच बाजूस घाम येत होता. १९३५ मध्ये ॲड्सन, क्रेग व ब्राउन यांनी अमेरिकेत प्रसिद्ध केलेल्या निबंधाच्या मथळ्यातच रोग ‘बरा झाला’ असे शब्द आहेत. हात कोरडे झाले, या अर्थाने ते खरेही होते. पुढे १९४२ मध्ये ह्यूजने आणि १९५४ मध्ये कुक्सने छातीत दुर्बीण घालून हेच काम केल्याचे प्रसिद्ध केले. १९९० नंतर चित्रपटलावर पाहत, दोनतीन लहान छिद्रांतून ते उरकू लागले. जखम लहान झाली, तशी शस्त्रक्रियाही लहान मानली जाऊ लागली. तुटावयाची तंत्रिका मात्र तीच होती.

धोक्यांपैकी काही शस्त्रवैद्याच्या डोळ्यांसमोरच प्रकट होतात. फुप्फुसाभोवती हवा साठते, क्वचित रक्तस्राव होतो. वरच्या गुच्छिकेस इजा झाल्यास पापणी झुकते व बाहुली आकसते. या शेवटच्या लक्षणसमूहास १८६९ मध्ये वर्णन करणाऱ्या हॉर्नरचे नाव आहे. जो धोका रुग्ण घरी गेल्यावर, उन्हाळ्यात, सदरा पाठीस चिकटू लागल्यावर कळतो, त्यास मात्र वेगळ्या प्रकारचे नाव मिळाले. १९६० मध्ये शेली व फ्लॉरेन्स यांनी शस्त्रक्रियेनंतर पाठ, पोट, मांड्या येथे येणाऱ्या अतिरिक्त घामावर निबंध लिहिला व त्यास ‘भरपाईचा घाम’ म्हटले. त्या दोघांनी दुष्परिणामाकडे लक्ष वेधले, हे श्रेय त्यांचेच; पण शब्दाने पुढे वेगळेच काम केले. भरपाई म्हटली की हिशेब जुळल्याचा भास होतो. हातांचा घाम गेला तो अन्यत्र आला, इतकेच! प्रत्यक्षात काही रुग्णांस दिवसातून अनेकदा कपडे बदलावे लागतात व पूर्वीचा त्रास बरा होता असे वाटू लागते. शिवाय, शरीर उष्णतेचे संतुलन राखण्यासाठी असे करते, हा खुलासाही सर्वमान्य नाही. मेंदूकडे परत जाणारे संदेश खंडित होण्याशी त्याचा संबंध जोडून काही संशोधकांनी ‘प्रतिक्षेपी घाम’ हे नाव सुचविले आहे.

हा घाम किती जणांस येतो, या प्रश्नाची प्रसिद्ध उत्तरे शेकडा १० हून कमी ते शेकडा ९० हून अधिक, अशी पसरलेली आहेत. एवढ्या तफावतीचे एक कारण असे की, किती घामास भरपाई म्हणावयाचे हे ज्याने त्याने आपापल्या परीने ठरविले. दुसरे कारण अधिक विलक्षण आहे. शस्त्र कोठे चालविले हे सांगताना कोणी गुच्छिका मोजीत, तर कोणी बरगड्या. गुच्छिका चरबीखाली झाकलेल्या असतात, त्यांची जागाही माणसागणिक थोडी बदलते. बरगडी मात्र दुर्बिणीतून दिसते. त्यामुळे ‘दुसरी पातळी’ या एकाच शब्दाने दोन ठिकाणे दर्शविली जात. अखेर २०११ मध्ये अमेरिकेतील सोसायटी ऑफ थोरॅसिक सर्जन्स या संस्थेच्या तज्ज्ञमंडळाने शिफारस केली की, बरगडीचा क्रमांक सांगावा आणि तंत्रिका कापली, जाळली की चिमट्याने दाबली, तेही लिहावे. तिसऱ्या बरगडीवर तंत्रिका तोडल्यास हात अधिक कोरडे होतात, चौथ्या बरगडीवर तोडल्यास ते किंचित ओलसर राहतात पण अन्यत्र येणाऱ्या घामाचा धोका घटतो, ही तुलना स्पष्टपणे मांडणे अशा नामकरणामुळेच सुकर झाले. कोत्झारेफपासून एक्याण्णव वर्षे लोटली होती.

दरम्यान तैवानमध्ये, जेथे ही शस्त्रक्रिया फार मोठ्या प्रमाणावर होत असे, आरोग्य खात्याने २००४ मध्ये वीस वर्षांखालील व्यक्तींवर ती करण्यास मनाई केली. याच देशातून १९९८ मध्ये चिमट्याची पद्धत पुढे आली होती, आणि तिच्याबरोबर ‘परत फिरविता येणारी’ हे विशेषण. चिमटा काढता येतो, हे निर्विवाद. दबलेली तंत्रिका पूर्ववत होईलच, असे नाही. विशेषण चिमट्याचे आहे, ते रुग्ण शस्त्रक्रियेचे समजतो.

पाण्यात हात बुडवून सौम्य विद्युत्प्रवाह सोडण्याचा उपाय १९६८ मध्ये लेव्हिटने सुटसुटीत उपकरणाच्या रूपात मांडला. तो कंटाळवाणा आहे, पुनःपुन्हा करावा लागतो. पण त्यात काही तुटत नाही, आणि शस्त्राआधी त्याचा अनुभव घेतलेला बरा. त्यानंतरही शस्त्रक्रियेचाच निर्णय झाला, तर मराठी संमतिपत्रकात ‘भरपाईचा घाम’ असे भाषांतर न करता ‘शस्त्रक्रियेमुळे पाठीस, पोटास व मांड्यांस येणारा, कदाचित आयुष्यभर टिकणारा घाम’ असे लिहावे. शब्द सात-आठ वाढतील.