जटलंडचा व्यूह आणि पटावरील आरमार

आरमारी युद्ध पटावर मांडून त्यावरून गतकालीन सेनापतींच्या निर्णयांचा न्याय करावा काय, आणि करावयाचा झाल्यास कोणत्या मर्यादेंत, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. हा प्रश्न आमच्यापुढें आला तो एका माजी विद्यार्थ्यामुळें. संगणकावरील नौयुद्धाच्या एका खेळांत ता. ३१ मे १९१६ ची जटलंडची लढाई ब्रिटिश बाजूनें तीन वेळां खेळून तिन्ही वेळां त्यानें जर्मन आरमार बुडविलें, आणि ब्रिटिश नौसेनापति जेलिको हा भित्रा होता असा निकाल आम्हांस येऊन सांगितला. उत्तर देण्यास जो हयात नाहीं त्याच्यावर असा शब्द टाकणें ही लहान गोष्ट नव्हे. म्हणून या निकालाची छाननी करणें आम्हांस अवश्य वाटलें.

खेळाच्या रूपानें युद्ध शिकण्याची कल्पना आपणांस परकी नाहीं. वंगदेशीय रघुनंदनाच्या ‘तिथितत्त्वां’त फाशांनीं खेळावयाच्या चौघांच्या चतुरंगाचें वर्णन आहे, त्यांत नौका हें एक बल आहे. युरोपांत प्रशियाच्या सैन्यांतील राइसविट्झ यानें १८२४ मध्यें आपला युद्धखेळ प्रसिद्ध केला. अमेरिकेंतील न्यूपोर्टच्या नौयुद्ध विद्यालयांत मॅकार्टी लिटल् यानें १८८७ च्या सुमारास आरमारी खेळाचा पाठ सुरू केला, आणि इंग्लंडांत फ्रेड जेन यानें १८९८ मध्यें आपला खेळ छापला. जेनच्या खेळांत जहाजाच्या कागदी आकृतीवर टांचणी बसविलेली काठी मारीत, व भोंक जेथें पडे तेथें तोफेचा गोळा लागला असें मानीत. तात्पर्य, हीं साधनें निव्वळ करमणुकीचीं नव्हत. नाविक अधिकाऱ्यांनीं तीं अभ्यासार्थ वापरलीं आहेत.

आतां व्यूहाचा विचार करूं. जेलिकोजवळ २४ ड्रेडनॉट रणनौका होत्या. प्रवासांत त्या चार-चारांच्या सहा समांतर रांगांनीं चालत. चोवीस नौकांची एकच ओळ केली तर ती सुमारें सहा मैल लांब होते, तिला वळविणें कठीण आणि निशाणांचे संदेश टोकापर्यंत पोहोंचविणें त्याहून कठीण. परंतु रांगांत असतां पुढल्या नौका मागल्यांच्या माऱ्याच्या आड येतात. सर्व तोफा एका बाजूस रोंखावयाच्या तर एकच ओळ हवी. कौटिल्यानें दण्ड, भोग, मण्डल व असंहत असे चार मूळ व्यूह सांगितले आहेत. त्यांतील भोग म्हणजे एकामागून एक चालणारी सर्पगति. नौकांची युद्धपंक्ति ती हीच. रांगा मोडून ओळ करावयाची, पण केव्हां व कोणत्या अंगास, हाच सारा प्रश्न. फार लवकर केली तर शत्रु भलत्याच दिशेनें निघतो. उशिरां केली तर तो अर्धवट वळलेल्या आरमारावर येऊन पडतो.

वळण ही गोष्ट पटावर सोपी दिसते. समुद्रावर ती तशी नाहीं. २२ जून १८९३ रोजीं सीरियाच्या किनाऱ्यावरील त्रिपोलीसमोर ट्रायन या निष्णात नौसेनापतीनें दोन समांतर रांगांस एकमेकींकडे वळण्याची आज्ञा केली. दोहोंमधील अंतर १२०० यार्ड होतें, आणि दोन नौकांस मिळून वळण्यास त्याहून बरीच अधिक जागा लागत होती. ‘कॅम्परडाउन’ ‘व्हिक्टोरिया’वर आदळली व ३५८ माणसें ट्रायनसह बुडालीं. पटावर हा प्रसंग असा कीं दोन सोंगट्या एका घरांत आल्या, उचलून पुन्हां मांडाव्या.

जटलंडच्या संध्याकाळीं जेलिकोस शत्रूचें मुख्य आरमार नक्की कोठें आहे हें ठाऊक नव्हतें. बीटीची युद्धक्रूझरें पुढें लढत होतीं. परंतु त्याची नौका ‘लायन’ आणि जेलिकोची ‘आयर्न ड्यूक’ यांच्या स्थानगणितांत मिळून सुमारें ११ मैलांची चूक होती. ‘शत्रूचें आरमार कोठें आहे?’ असें जेलिकोनें दोनदां विचारलें. नीट दिशा कळली ती सायंकाळीं ६ वाजून १४ मिनिटांनीं. व्यूहरचनेची आज्ञा सुटली ६ वाजून १५ मिनिटांनीं. शत्रु अपेक्षेपूर्वींच आणि समोर न येतां उजवीकडे प्रकट झाला होता. जेलिकोनें डाव्या टोंकाच्या, म्हणजे शत्रूपासून दूरच्या, रांगेवरून ओळ पसरली.

या निर्णयावर आक्षेप असा कीं त्यानें वेळ गेला व अंतर वाढलें. चर्चिल यानें मधल्या रांगेवरून पसरावयास हवें होतें असें मत मांडलें. उलट पक्षीं, उजवी रांग शत्रूच्या इतकी निकट होती कीं वळतांना तिच्यावर साऱ्या जर्मन अग्रभागाचा मारा झाला असता, आणि पाणतीरांचें भय होतेंच. डावीकडून पसरल्यानें ब्रिटिश ओळ जर्मन ओळीच्या तोंडावर आडवी आली, शत्रु पश्चिमेच्या उजेडांत दिसूं लागला आणि त्याचा घरचा मार्ग अडला. ६ वाजून ३३ मिनिटांच्या सुमारास शेअर यास आपल्या सर्व नौका एकाच वेळीं उलट फिरवून धुक्यांत शिरावें लागलें, हीच त्या निर्णयाची परिणामरूप साक्ष होय.

आमचा खेळ येणेंप्रमाणें. चटईवर २४ कवड्या ब्रिटिशांच्या आणि २२ चिंचोके जर्मनांचे, कारण शेअरजवळ १६ ड्रेडनॉट व ६ जुन्या रणनौका होत्या. चिंचोके शेजारच्या खोलींत आम्हीं मांडले. विद्यार्थ्यास ते दिसूं दिले नाहींत, केवळ चिठ्ठ्या पाठविल्या, त्यांतील कांहीं हेतुतः चुकीच्या. पहिल्या खेपेस त्यानें उजवीकडून ओळ पसरली, तों चिंचोके त्याच्या वळणाच्या जागींच येऊन भिडले होते. दुसऱ्या खेपेस तो पुढील चिठ्ठीची वाट पाहत राहिला आणि सारें आरमार रांगांतच अडकलें. तिसऱ्या खेपेस फार वेळ कवड्यांकडे पाहून तो म्हणाला, “गुरुजी, त्याला विचार करायला किती वेळ मिळाला होता?” आम्हीं सांगितलें, “एक मिनिट.” मग त्यानें डावीकडची रांग पुढें ढकलली.

येथें आम्हीं सावधगिरीचा इशारा देतों. आमच्या चटईवरून जेलिको निर्दोष ठरत नाहीं. त्या जागीं ‘वॉरस्पाइट’चें सुकाणूं अडकून ती शत्रूसमोर गिरक्या घेत होती, ‘डिफेन्स’ स्फोटानें नाहींशी झाली; असलें कांहीं कवड्यांना होत नाहीं. शिवाय जर्मन आरमार रात्रीं निसटलें, त्याचा दोष कोणाकडे किती हा वाद निराळा आहे. ब्रिटिशांचीं १४ जहाजें व ६०९४ माणसें गेलीं, जर्मनांचीं ११ व २५५१. हे आंकडेहि विसरतां येत नाहींत. तथापि ‘भित्रा’ हा शब्द मात्र टिकत नाहीं. पाणतीरांसमोर आपण आरमार दूर वळवूं, असें जेलिकोनें ऑक्टोबर १९१४ मध्येंच वरिष्ठांस लिहून कळविलें होतें व त्यांनीं तें मान्य केलें होतें. लढाईंत सायंकाळीं ७ नंतर तो वळला तो घाबरून नव्हे, ठरल्याप्रमाणें.

लढाई संपल्यावरहि व्यूह चालूच राहिला. कॅप्टन हार्पर यानें तयार केलेला अधिकृत वृत्तान्त, बीटी आरमाराचा प्रमुख असतां, दुरुस्त्यांच्या वादांत अडकून १९२७ पर्यंत प्रसिद्ध झाला नाहीं. साधनें दडलीं म्हणजे पक्ष बळावतात. हें संशोधकांस सांगावयास नको.

सारांश, पटावरील खेळ काय घडलें असतें याचें प्रमाण होऊं शकत नाहीं. परंतु कोणत्या घटकेस कोणास काय ठाऊक होतें, हा प्रश्न तो विचारावयास लावतो, आणि तेवढ्यापुरता तो उपयोगी आहे. पानिपतावर भाऊसाहेबांचा न्याय करणाऱ्या आम्हां सर्वांस हाच प्रश्न आधीं विचारला पाहिजे. आमच्या विद्यार्थ्यानें आपला निकाल मागें घेतला. जातांना मात्र तो म्हणाला कीं, संगणकावर शत्रु सदैव दिसत होता. चूक तेथें झाली. यापेक्षां अधिक आम्हांस शिकवावयाचें नव्हतें.