कोरा सातबारा

सुमारे वीस वर्षांपूर्वी माझ्या दाजींनी एका औद्योगिक वसाहतीलगत घरासाठी बिगरशेती प्लॉट घेतला. कागद तपासण्याचे काम माझ्याकडे होते. माझे शिक्षण बारावीपुढे गेलेले नाही, पण जुन्या दप्तरांत डोके घालून बसायची सवय तेव्हाही होती. तलाठी भाऊसाहेब म्हणाले, "सातबारा कोरा आहे. डोळे झाकून घ्या." मी डोळे उघडे ठेवून सगळे फेरफार पाहिले. वारसनोंदी, वाटण्या, सोसायटीचा बोजा चढलेला आणि उतरलेला. कुठे खोट नव्हती.

पाया खोदताना चार फुटांवर काळा गाळ लागला. डोळ्यांना झोंबणारा वास आला. शेजारचे म्हातारबाबा बांधावरून म्हणाले, "हितं खड्डा हुता. रातच्याला टेम्पो यायचं आन् पिंपं वतून जायचं." मी विचारले, "बाबा, मग आधी सांगितलं का नाही?" ते म्हणाले, "इचारलं कुणी?"

त्या प्रश्नाने मला या विषयाकडे ओढले. जमिनीचा मालक कोण, पीक कोणते, कर्ज किती, हे सरकार लिहून ठेवते. जमिनीच्या पोटात काय पुरले आहे, हे कोण लिहितो?

शोधायला लागलो तेव्हा पहिले ठळक प्रकरण सापडले ते अमेरिकेतल्या नायगारा फॉल्स शहराचे. तिथे 'लव्ह कॅनॉल' नावाचा अर्धवट सोडलेला कालवा होता. हूकर केमिकल कंपनीने १९४२ ते १९५३ या काळात त्यात सुमारे २१ हजार टन रासायनिक कचरा पुरला. एप्रिल १९५३ मध्ये कंपनीने ती जमीन शहराच्या शिक्षण मंडळाला एका डॉलरला विकली. खरेदीखतात स्पष्ट लिहिले होते की, इथे रासायनिक कचरा भरलेला आहे आणि पुढच्या इजेची वा मृत्यूची जबाबदारी कंपनीवर राहणार नाही. म्हणजे नोंद होती. पण ती कंपनीच्या बचावासाठी लिहिलेली आणि दस्तात मिटलेली नोंद होती. जागेवर शाळा झाली, आजूबाजूला घरे उठली. घर घेणाऱ्या बहुतेकांना त्या कलमाचा पत्ता नव्हता. पुढे तळघरांतून रसायने झिरपू लागली. ऑगस्ट १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी आणीबाणी जाहीर केली आणि सव्वादोनशेहून अधिक कुटुंबे हलवावी लागली.

यातून डिसेंबर १९८० मध्ये 'सुपरफंड' कायदा आला. जागांना धोक्यानुसार गुण द्यायचे आणि २८.५० किंवा अधिक गुण मिळालेली जागा राष्ट्रीय प्राधान्य यादीसाठी पात्र धरायची, अशी पद्धत बसली. १९८३ च्या पहिल्या यादीत ४०६ जागा होत्या. मला वाटले होते, २८.५० ही विषाची काही शास्त्रीय मर्यादा असेल. तसे नव्हते. कायद्याने किमान चारशे जागांची यादी मागितली होती आणि तेवढ्या जागा बसतील अशी रेषा आखली गेली. रेषेच्या खालची जमीन निर्धोक आहे, असा त्याचा अर्थ नव्हता.

ब्रिटनने सुरुवातीला वेगळी वाट धरली. तिथल्या १९९० च्या पर्यावरण कायद्यातील कलम १४३ नुसार स्थानिक परिषदांनी नोंदवही ठेवायची होती. ज्या जमिनीवर पूर्वी गॅसनिर्मिती, कातडी कमावणे असे प्रदूषणकारी उद्योग झाले, ती प्रत्येक जमीन त्या वहीत यायची होती. विष सापडलेच पाहिजे, अशी अट नव्हती. जुने नकाशे उघडून कारखाना कुठे होता ते पाहायचे आणि लिहायचे. म्हाताऱ्याला विचारण्याचीच ही सरकारी रीत म्हणायची.

पण ही वही उघडलीच नाही. जमीनमालक, बांधकाम व्यावसायिक, कर्ज देणाऱ्या संस्था यांनी आक्षेप घेतला की, नाव चढताच किंमत पडेल. शिवाय जमीन स्वच्छ केली तरी तिचा इतिहास बदलत नाही, मग नाव खोडायचे कसे? आक्षेप अगदीच पोकळ नव्हता. मार्च १९९३ मध्ये सरकारने योजना मागे घेतली. त्याऐवजी १९९५ च्या कायद्याने नवी पद्धत आणली आणि ती इंग्लंडमध्ये २००० साली लागू झाली. आता तीन गोष्टी सिद्ध व्हाव्या लागतात : विषाचा स्रोत, ते पोहोचण्याचा मार्ग आणि ज्याला बाधा होईल असा माणूस, पाणी वा परिसंस्था. साखळी जुळली तरच जमीन 'दूषित' ठरते. नुसत्या संशयाला नोंदवहीत जागा उरली नाही.

आपल्याकडे दूषित जागांसाठी स्वतंत्र नियम आले ते जुलै २०२५ मध्ये. त्यात दोन्ही पायऱ्या आहेत. जिल्हा प्रशासनाने दर सहा महिन्यांनी 'संशयित' जागा कळवायच्या, राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने नव्वद दिवसांत प्राथमिक आणि पुढच्या नव्वद दिवसांत सविस्तर तपासणी करायची, आणि मर्यादा ओलांडलेली जागा जाहीर करायची. नियम आले तेव्हा देशभरात अशा १०३ जागा ओळखलेल्या होत्या. शुद्धीकरण सुरू झाले होते त्यांतल्या फक्त सात ठिकाणी.

पण प्लॉट घेणारा माणूस मंडळाची यादी पाहायला जात नाही. तो सातबारा पाहतो. तिथे विहिरीचा हक्क, कुळ, बँकेचा बोजा असतो; विषासाठी वेगळा रकाना नाही. माझे मत असे की, संशयित जागेचीही एक ओळ 'इतर हक्का'त यावी आणि तपासणीत जमीन निर्दोष ठरली तर बोजा कमी करतो तसा फेरफार घालून ती काढावी. ब्रिटनला नाव खोडायची जी अडचण वाटली, तिच्यावरचा तोडगा आपल्या तलाठी दप्तराला कर्जाच्या बाबतीत पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. किंमत पडेल, हे खरे. आज ती पडत नाही, कारण नुकसान पुढच्या माणसाच्या अंगावर ढकलले जाते.

हे मी ठामपणे लिहितो, त्याला कारण आहे. दाजींनी तिथे घर बांधले नाही. पाया बुजवला आणि दोन वर्षांनी प्लॉट विकला. घेणाऱ्याने सातबारा पाहिला, तो कोराच होता. गाळाबद्दल त्याने विचारले नाही, आम्ही सांगितले नाही. हूकर कंपनीने स्वतःला वाचवण्यासाठी का होईना, खरेदीखतात एक कलम तरी घातले होते. आमच्या खरेदीखतात तेही नाही. त्याच्या शेवटच्या पानावर साक्षीदार म्हणून माझी सही आहे.