चिलिकेचे मुख

ओडिशातील चिलिका नावाने सरोवर असली, तरी स्वभावाने अर्धा समुद्र आहे. महानदीच्या दया, भार्गवी आदी शाखा ईशान्येकडून गोडे पाणी व गाळ घेऊन येतात, तर किनाऱ्यावरील वाळूच्या चिंचोळ्या पट्टीतील मुखातून भरतीचे खारे पाणी आत शिरते. पावसाळ्यात तिचा विस्तार ११०० चौरस किलोमीटरच्या घरात जातो. उन्हाळ्यात तो ९०० वर येतो. पाणी ओसरताना उघड्या पडणाऱ्या चिखलासाठी आणि उथळ पाण्यासाठी सायबेरिया, मंगोलियाकडचे पक्षी येथवर येतात.

१७५१ ते १८०३ हा मुलूख नागपूरकर भोसल्यांचा होता. शिवभट साठ्यांसारखे सुभेदार घरापासून दूर, कटकास राहून कारभार पाहत. दक्षिणेस कंपनीचा गंजाम. म्हणजे चिलिका ही दोन राज्यांमधील सरहद्दच होती. सप्टेंबर १८०३ मध्ये हारकोर्टची इंग्रजी फौज गंजामहून निघाली, ती सरोवर व समुद्र यांमधल्या याच वाळूवरून. माणिकपाटण्याजवळ पाणी ओलांडून १८ तारखेस ती पुरीत दाखल झाली. चिखलात चरणाऱ्या तुतारी पक्ष्यांचे पहिले थवे साधारणतः त्याच महिन्यात उतरतात. त्या धामधुमीत त्यांच्याकडे कोणाचे लक्ष गेले असेल, असे वाटत नाही. सरहद्द मात्र नंतरही टिकली. १९३६ मध्ये ओरिसा प्रांत होईपर्यंत सरोवराचे दक्षिण टोक मद्रास इलाख्यात आणि उरलेला भाग आधी बंगालात, मग बिहार-ओरिसात होता. एका तळ्याला दोन दप्तरे! सरकारी नोकरी केलेल्यास याचा अर्थ निराळा सांगावयास नको.

जानेवारीतील एक दिवस येथे काढावा. पहाटे उत्तर काठच्या मंगलाजोडीस जावे. नावाडी बांबूने रेटा देत अरुंद नाव लव्हाळ्यांतून आत नेतो, आणि मालगुजे, थापटे, जांभळ्या पाणकोंबड्या हाताच्या अंतरावर असल्यागत चरत राहतात. ही निर्धास्ती फार जुनी नाही. या गावातील अनेक घरे पक्षी मारून विकण्यावर चालत. जाळ्यांबरोबर विषही वापरले जाई. सन २००० च्या सुमारास गावकऱ्यांनीच पक्षी-सुरक्षा समिती उभारली, आणि पुष्कळ शिकाऱ्यांनी हत्यारे खाली ठेवली. कोणता थवा कोठे उतरेल हे ज्ञान पूर्वी सापळ्याच्या कामी येई. आज त्यावर वाटाड्याची मजुरी मिळते. हृदयपरिवर्तनाच्या गोड कथांपेक्षा मला हा व्यवहार अधिक विश्वासार्ह वाटतो.

दुपारी बालुगावाकडून होडीने नळबणाच्या दिशेने जावे. नळबण म्हणजे नळांचे, बोरूंचे बन. मराठी कानाला हे उडिया नाव परके वाटत नाही. सुमारे १५ चौरस किलोमीटरचे हे बेट पावसाळ्यात बुडते व हिवाळ्यात वर येते. १९८७ पासून ते अभयारण्य असल्याने तेथे उतरता येत नाही. दुरूनच पट्टकादंब, तलवार बदके व रोहितांची फिकट गुलाबी रेघ पाहावी. अलीकडच्या कित्येक हिवाळ्यांतील शिरगणतीत सबंध चिलिकेवर १० लाखांहून अधिक पक्षी मोजले गेले.

हे चित्र पुसले जाण्याच्या बेतात होते. १९८१ मध्ये रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्व लाभलेली चिलिका १९९३ मध्ये त्याच कराराच्या संकटग्रस्त यादीत गेली. गाळ साचत होता, आणि किनाऱ्याने सरकणारी वाळू मुखाला दूर ढकलून अरुंद करीत होती. खारेपणा घटला, पाणवनस्पती माजल्या, मासळी रोडावली. त्यात कोळंबीच्या घेऱ्यांनी उथळ पाणी अडविले. चिलिका विकास प्राधिकरणाने भरती-ओहोटीचा अभ्यास करवून २३ सप्टेंबर २००० रोजी सिपाकुदाजवळ वाळू कापून नवे मुख उघडले. समुद्राची वाट सुमारे १८ किलोमीटरांनी तुटली. खारे पाणी परतताच तण हटले, मासे वाढले, आणि २००२ मध्ये चिलिकेचे नाव त्या यादीतून निघाले. एका धरणाच्या उद्घाटनाला जेवढा गाजावाजा होतो, त्याच्या शतांशही या कामाच्या वाट्याला आला नाही.

सायंकाळी सातपड्याहून मुखाकडे गेल्यास वाळूवर कुरव आणि सुरय वाऱ्याकडे तोंड करून ओळीने बसलेले दिसतात. त्यांच्या पायाखालची वाळू आजही सरकते आहे. मे २०१९ च्या फनी वादळात तर त्या पट्टीला आणखी मुखे फुटली.