शिक्का कोणाच्या हाती? हार्डवेअर वॉलेटचा इतिहास

१/ मराठेशाहीतील सरकारी पत्रावर शिक्का उमटे आणि मजकूर संपताच मोर्तब होई. त्यानंतर कोणास ओळ घुसडता येऊ नये, हा हेतू. शिक्का ज्याच्या हाती, हुकूम त्याचा. बिटकॉइनच्या जगातही हाच न्याय चालतो. तेथील शिक्का सांभाळायला माणूस कसा शिकला, त्याचा हा इतिहास. #थ्रेड

२/ बिटकॉइनचा पहिला ब्लॉक ३ जानेवारी २००९ चा. हे चलन कोणाच्याही खिशात नसते. असते ती केवळ एक सार्वजनिक नोंदवही. आपल्या नावची रक्कम दुसऱ्याच्या नावे करण्याचा अधिकार सुमारे ७८ अंकी गुप्त संख्येत असतो. ती खासगी किल्ली, म्हणजेच आपला शिक्का. ती हरवली तर दाद मागण्यास ना बँक, ना कचेरी.

३/ आरंभी ही किल्ली घरच्या संगणकावर साध्या फाइलीत असे. २०१३ साली वेल्समधील न्यूपोर्ट येथे एका गृहस्थाची हार्ड डिस्क कचरा डेपोत गेली. त्याच्या म्हणण्यानुसार तिच्यात सुमारे ८,००० बिटकॉइनची किल्ली होती. डेपो खणण्यासाठी त्याने न्यायालय गाठले. जानेवारी २०२५ मध्ये दावा फेटाळला गेला.

४/ मग किल्ली दुसऱ्याकडे सोपवावी काय? टोकियोच्या माउंट गॉक्स या बाजाराकडे हजारोंनी ती सोपवली होती. फेब्रुवारी २०१४ मध्ये त्याचे दिवाळे निघाले. सुमारे ८,५०,००० बिटकॉइन नाहीसे झाल्याचे जाहीर झाले. त्यांपैकी सुमारे २,००,००० पुढे सापडले. ठेवीदारांना बिटकॉइन परत मिळू लागण्यास जुलै २०२४ उजाडले.

५/ त्याच २०१४ साली प्रागच्या सातोशीलॅब्सने ‘ट्रेझर’ हे छोटेसे उपकरण ग्राहकांच्या हाती दिले. झेक भाषेत ट्रेझर म्हणजे तिजोरी. किल्ली उपकरणातच जन्मते आणि तेथेच राहते. संगणक व्यवहाराचा मसुदा पाठवतो, सही आत होते, बाहेर पडते ती केवळ सही. पत्रे ये-जा करतात. शिक्का वाड्याबाहेर जात नाही.

६/ पण उपकरणच मोडले तर? याचे उत्तर २०१३ च्या बिप-३९ या प्रस्तावात होते. २,०४८ सोप्या शब्दांच्या यादीतून १२ किंवा २४ शब्द ठरावीक क्रमाने मिळतात आणि त्यांवरून नव्या उपकरणात सर्व किल्ल्या पुन्हा उभ्या राहतात. म्हणजे हे शब्द हीच खरी संपत्ती. उपकरण केवळ तिचा पहारेकरी.

७/ म्हणून मांडणीचा पहिला नियम असा: शब्द कागदावर हाताने, क्रमांक घालून लिहावेत. फोटो नको, ईमेल नको, संगणकावर टंकणे नको. मग किरकोळ रक्कम पाठवावी, उपकरण पूर्ण पुसावे आणि कागदावरून ते पुन्हा उभे करावे. रक्कम परत दिसली, तरच कागदावर विश्वास ठेवावा.

८/ जानेवारी २०२० मध्ये क्रॅकेनच्या संशोधकांनी दाखवले की ट्रेझर प्रत्यक्ष हाती लागल्यास सुमारे १५ मिनिटांत त्यातील गुपित काढता येते. उपाय दोन: उपकरण दागिन्यांसारखे जपावे आणि पासफ्रेज नावाचा जादा परवलीचा मजकूर लावावा. मात्र तो विसरला, तर नुसत्या शब्दांनी ती रक्कम परत मिळत नाही.

९/ त्याच वर्षी फ्रान्सच्या लेजर कंपनीची ग्राहकयादी फुटली. किल्ली एकही गेली नाही. पण सुमारे २,७२,००० ग्राहकांची नावे आणि पत्ते उघड्यावर आले. मागोमाग बनावट ईमेल आले, २०२१ मध्ये काहींच्या घरी तर बनावट उपकरणे पोहोचली. बोध असा: उपकरण थेट उत्पादकाकडून घ्यावे. शब्द आधीच छापून आले, तर तो सापळा समजावा. आपले शब्द विचारणारा प्रत्येक जण ठक मानावा.

१०/ जुलै २०२४. भारतातील वझीरएक्स या बाजारातून २३ कोटी डॉलरहून अधिक मूल्य चोरीस गेले. सही करणाऱ्यांकडे हार्डवेअर वॉलेट होते. कंपनीच्या निवेदनानुसार, पडद्यावर दिसला एक व्यवहार आणि सही झाली दुसऱ्यावरच. फेब्रुवारी २०२५ मध्ये बायबिट येथेही पडद्यावरील मजकुराने सही करणाऱ्यांना फसवले; नुकसान सुमारे १५० कोटी डॉलर.

११/ दोन्ही ठिकाणी शिक्का चोरीस गेला नव्हता. पत्र न वाचता तो उमटला होता. म्हणून संगणकाच्या पडद्यावर विसंबू नये. रक्कम आणि पत्ता उपकरणाच्या स्वतःच्या इवल्या पडद्यावर अक्षर न् अक्षर ताडून पाहावा. तेथे काही उमगले नाही, तर बटण दाबू नये.

१२/ शिक्कामोर्तब हा शब्द आपण आज सहज वापरतो. पूर्वी त्यामागे मजकूर तपासणारा कारभारी असे. या नव्या कारभारात कारभारी, पहारेकरी आणि धनी आपण एकटेच आहोत. लेखनसीमा.