बारामती-इंदापूरच्या माळरानांवर झाडं लावली तर बिघडतं कुठे?

पावसाळा सुरू झाला की मोबाईलवर वृक्षारोपणाचे फोटो येऊ लागतात. बोडका माळ, ओळीनं खोदलेले खड्डे आणि हातात रोप. बारामती आणि इंदापूर तालुक्यांत तर माळांना तोटा नाही. पण याच माळांचा अभ्यास करणारे संशोधक सांगतात की इथे सरसकट झाडं लावू नका. हे ऐकून अनेकांना धक्का बसतो, म्हणून मुद्दा नीट समजून घेऊ.

सणसर हे इंदापूर तालुक्यातलं गाव. तुकोबांच्या पालखीचा इथे मुक्काम असतो आणि शेजारी भवानीनगरला छत्रपती साखर कारखाना आहे. नीरा डावा कालवा या भागातून जातो, तो १८८० च्या दशकातला. कालव्याच्या खालच्या, नदीकडच्या अंगाला ऊस. वरच्या अंगाला, नीरा आणि भीमा यांच्या मधल्या उंचवट्यावर, मुरमाड माळ. पाणी जास्त झालं तर काय होतं, याचा अभ्यास इथे फार पूर्वी झाला. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान आणि त्यांचे सहकारी ताम्हणे यांनी १९१० मध्ये नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर पुस्तिका लिहिली होती. म्हणजे कालव्याच्या खालची जमीन शंभर वर्षांपूर्वीच संशोधनाचा विषय झाली. वरच्या माळाकडे मात्र ‘पडीक’ म्हणूनच पाहिलं गेलं.

माळ म्हणजे तोडलेलं जंगल का?

बहुतेकांचा समज तसाच आहे. पूर्वी इथे घनदाट जंगल होतं, माणसानं तोडलं आणि माळ उरला. २०२५ मध्ये आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी हा समज एका वेगळ्याच वाटेनं तपासला. त्यांनी तेराव्या शतकापासूनचं जुनं मराठी साहित्य चाळलं. त्यात संतचरित्रं होती, ओव्या होत्या, लोककथाही होत्या. त्यात कुठल्या रानवनस्पतींचा उल्लेख येतो, हे त्यांनी मोजलं. ४४ वनस्पती सापडल्या. त्यातल्या जवळपास दोन-तृतीयांश गवताळ, विरळ झाडीच्या प्रदेशातल्या निघाल्या; खास दाट जंगलातल्या अगदी मोजक्या. म्हणजे पश्चिम महाराष्ट्रातला हा गवताळ प्रदेश किमान ७५० वर्षं जुना आहे. वारकऱ्यांना पंढरपूरच्या देवळातल्या कान्होपात्रेच्या तरटीची कथा ठाऊक असते. ती तरटीसुद्धा कोरड्या माळावरचंच झाड आहे.

कारण साधं आहे. पाऊस कमी, मातीचा थर पातळ, खाली मुरूम. इथे गवत जगतं, आणि अधूनमधून एखादी बोर, हिवर किंवा बाभूळ. कुसळी, पवन्या, मारवेल ही गवतं उन्हाळ्यात वाळून जातात, माळ मेल्यासारखा दिसतो. मुळं मात्र जिवंत असतात आणि पहिल्या पावसात सगळं हिरवं होतं. मे महिन्यात काढलेला फोटो पाहून माळाला ओसाड म्हणणं हे पानगळीत झाड पाहून ते वाळलं म्हणण्यासारखं आहे.

एम. डी. मधुसूदन आणि अबी वनक यांनी उपग्रहचित्रांच्या मदतीनं देशभरातल्या अशा निमकोरड्या मोकळ्या परिसंस्थांचा नकाशा तयार केला. देशाच्या जमिनीपैकी किमान १० टक्के भाग त्यांनी व्यापलेला आहे. अभयारण्यं आणि राष्ट्रीय उद्यानांत त्यातला ५ टक्केही येत नाही. उलट बहुतांश भाग सरकारी नोंदीत ‘पडीक’ आहे. पडीक म्हटलं की ती जमीन सौरप्रकल्पाला, औद्योगिक वसाहतीला किंवा वृक्षारोपणाला मोकळीच!

मग खड्डे खणले की काय होतं?

वृक्षारोपणासाठी आधी सलग समतल चर खोदतात. त्यात गवताची मुळं उखडली जातात. मग बऱ्याच ठिकाणी गिरिपुष्प लावलं गेलं. हे मूळचं मध्य अमेरिकेतलं झाड. जनावरं त्याला सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून ते टिकतं. पण त्याच कारणानं मेंढपाळाच्या उपयोगाचं नाही. चिंकारा, खोकड, धाविक, हिवाळ्यात मध्य आशियातून येणारे भोवत्या पक्षी, या सगळ्यांना लांबवर नजर जाईल अशी मोकळी जागा लागते. दाट झाडीत त्यांचा निभाव लागत नाही.

लांडग्याचंही तेच. भारतीय लांडगा ही जगातल्या लांडग्यांची अतिशय प्राचीन शाखा असल्याचं २०२१ मधल्या जनुकीय अभ्यासात दिसलं. देशात ते उरलेत सुमारे तीन हजार, म्हणजे वाघांपेक्षा कमी. वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्यांना संरक्षण आहे, पण त्यातले बहुतेक अभयारण्याबाहेर, गावांच्या शिवारातच राहतात. माळ तुकड्या-तुकड्यांत शिल्लक राहिला की ते वस्तीजवळ सरकतात आणि भटक्या कुत्र्यांशी गाठ पडते. पुणे परिसरातल्या नमुन्यांवरून लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचं २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनानं सिद्ध केलं. बेंगळुरूच्या एनसीबीएस आणि अत्री या संस्थांबरोबर पुण्याच्या ‘द ग्रासलँड्स ट्रस्ट’चा त्यात सहभाग होता. असा संकर वाढत गेला तर लांडगा दिसत राहील, पण तो निखळ लांडगा नसेल.

आता धनगरांची बाजू. सणसरच्या अलीकडे काटेवाडीला पालखीभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं, यावरून इथे मेंढीचं स्थान काय आहे ते कळेल. या मेंढ्या त्याच गवतावर जगतात आणि लांडगा त्या मेंढ्यांवर. नुकसानभरपाई मिळते, पण त्यासाठी वेळेत खबर द्यावी लागते, पंचनामा व्हावा लागतो. आज इथे, उद्या तिथे वाडा बसवणाऱ्या माणसाला ते जमतंच असं नाही. तरीही लांडग्याला सरसकट मारून टाका, असं म्हणणारे मेंढपाळ कमीच भेटतात. संशोधनाचा भर अलीकडे याच सहजीवनावर आहे आणि तो योग्य वाटतो.

पुणे वन विभागानं इंदापूरच्या कडबनवाडीला आणि बारामतीच्या शिर्सुफळला गवताळ प्रदेश सफारी सुरू केली आहे. ठरलेल्या वाटेवरून, स्थानिक वाटाड्याला घेऊन जाता येतं. गाडी माळावर घालू नका, पिल्लांच्या बिळाजवळ जाऊ नका आणि बीळ दिसलंच तर त्याचं लोकेशन समाजमाध्यमांवर टाकू नका. माणसांची वर्दळ वाढली की मादी पिल्लं उचलून दुसऱ्या बिळात नेते, आणि त्या धावपळीत पिल्लांना धोका असतो. झाडं लावायचीच असतील तर गावठाण, शाळेचं आवार, शेताचे बांध, रस्त्याच्या कडा आहेतच. तिथे कडुनिंब, चिंच, करंज चांगले येतात.